'आणि इतर' म्हणजे नक्की कोण? की मीच शब्दाचा कीस काढतेय?

निळीशाई:

नमस्कार. वाचते खूप दिवसांपासून, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बायसेक्शुअल आहे, म्हणजे मला पुरुष पण आवडतात आणि बायका पण, वय ३४. एका ऑनलाईन सपोर्ट ग्रुपमध्ये तीन वर्षं आहे आणि त्यातली दीड वर्षं व्हॉलंटियर, म्हणजे नवीन लोकांचे फॉर्म बघायचे, पहिला फोन करायचा, मिटिंगची लिंक पाठवायची, एवढं माझ्याकडे असतं. या ग्रुपने मला खूप दिलंय हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी नुसती तक्रार करायला आलेय.

आमच्या पोस्टरवर सुरुवातीपासून एकच ओळ आहे, 'गे, लेस्बियन आणि इतर मित्रमैत्रिणींसाठी'. फॉर्मवर चार पर्याय, गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर, इतर, आणि त्यातला एकच निवडता येतो. मी पण तीन वर्षांपूर्वी 'इतर' वरच टिक केलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं, आत घेतायत हेच खूप होतं.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फॉर्म आला. 'इतर' निवडलेलं आणि पुढच्या रिकाम्या जागेत फक्त 'माहीत नाही, सॉरी'. फोन केला तर पहिली दहा मिनिटं ती भलतंच काहीतरी बोलत राहिली आणि मग हळूच म्हणाली की मला मुलगे पण आवडलेत आणि मुली पण, तुमच्या यादीत तसं काही नव्हतं म्हणजे तुमच्याकडे पण असं कुणी येत नसणार, मग वाटलं उगाच तुमचा वेळ घेतेय म्हणून सॉरी लिहिलं. मी म्हटलं अगं मी स्वतः तशीच आहे. ती एकदम गप्प झाली आणि मग रडायला लागली. फोन ठेवल्यावर मी पण. जिला बाहेर सगळीकडे सॉरी म्हणत जगावं लागतं तिला आमच्या दारात पण सॉरी म्हणूनच आत यावं लागलं, आणि तो फॉर्म दीड वर्षं माझ्याच हातात होता.

म्हणून मी पोस्टर आणि फॉर्म बदलायचं ग्रुपवर मांडलं. उत्तरं अशी आली, 'एलजीबीटीच्या पुढे अक्षरं वाढवत बसलो तर अख्खी एबीसीडी होईल' (एलजीबीटी म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर यांची पहिली अक्षरं), 'आधी हक्क मिळू देत, शब्दांचं नंतर बघू', आणि एकाने तर सरळ विचारलं की तुझा जोडीदार पुरुष आहे, तुला त्रास काय आहे. हे शेवटचं मला फार लागलं, कारण अगदी हेच वाक्य मी घरी वेगळ्या शब्दात ऐकलंय, 'आता झालं ना सगळं नीट, मग विसर ते'.

तर मला विचारायचंय की मी खरंच कीस काढतेय का? आणि दुसरं म्हणजे मराठीत नेमके कोणते शब्द वापरावेत, कारण 'उभयलिंगी' लिहायचं म्हटलं तर मला शाळेतलं गांडूळच आठवतं.

पाऊलवाट:

कीस अजिबात नाही. मी गे आहे, ५२ वर्षांचा, आणि तुमच्या ग्रुपमधल्या त्या एबीसीडीवाल्यांच्या जागी मी स्वतः होतो म्हणून लिहितोय.

माझा एक जुना मित्र होता, त्याने सांगितलं की तो बायसेक्शुअल आहे, तर मी त्याला म्हटलं होतं की तू अजून अर्धाच बाहेर आलायस, उरलेला येशील हळूहळू. मला वाटलं मी त्याला धीर देतोय. तो हसला आणि त्यानंतर त्या विषयावर माझ्याशी कधीच बोलला नाही. वर्षं गेली मध्ये. मला जे लोक म्हणायचे की 'हे वय असतं, जाईल निघून', तेच मी त्याला म्हणालो होतो हे कळायला मला फार उशीर झाला.

आणि ज्यांना वाटतं की बाय लोक म्हणजे चळवळीला नंतर येऊन चिकटलेले, त्यांना हे सांगा. न्यूयॉर्कमध्ये जून १९६९ मध्ये स्टोनवॉल नावाच्या गे बारवर पोलिसांनी धाड टाकली आणि उठाव झाला, त्याच्या वर्षपूर्तीला १९७० मध्ये जो मोर्चा निघाला, ज्यातून पुढे जगभरचे प्राईड मार्च आले, तो उभा करणाऱ्यांमध्ये ब्रेंडा हॉवर्ड नावाची बाई पुढे होती आणि ती बायसेक्शुअल होती. आपण दरवर्षी प्राईडला जातो आणि तिचं नाव कितीजणांना माहीत असतं? मला तरी चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

आकडे हवे असतील तर गॅलप या जनमत संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ९.३ टक्के प्रौढांनी स्वतःला एलजीबीटीक्यू म्हटलं आणि त्यांच्यात बायसेक्शुअल ५६ टक्के होते. निम्म्याहून जास्त! आणि पोस्टरवर ते 'इतर'. प्यू रिसर्च सेंटरने २०१३ मध्ये विचारलं होतं की आयुष्यातल्या महत्त्वाच्या सगळ्या किंवा बहुतेक माणसांना तुमच्याबद्दल माहीत आहे का, तर गे पुरुषांपैकी ७७ टक्के हो म्हणाले, लेस्बियन बायकांपैकी ७१, आणि बाय लोकांपैकी फक्त २८. संख्येने सगळ्यात जास्त आणि तरी सगळ्यात जास्त लपलेले. 'आणि इतर' लिहून आपण त्या लपण्यालाच मदत करतो.

साधा_माणूस:

मी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. मला वाटतं वेळ आणि ताकद मर्यादित असते. कायदा, नोकरी, घर, लग्न, यासाठी सगळ्यांनी एका आवाजात बोललं पाहिजे. प्रत्येक गटाने माझं नाव कुठंय विचारायला सुरुवात केली तर समोरच्याला आयतंच सापडतं की हे आपसातच भांडतायत. आधी मोठी लढाई जिंकू, मग घरातलं घरात बघता येईल ना.

दुसरीपहाट:

@साधा_माणूस राग नाही, पण 'तुमचं नंतर बघू' हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं पुढे काय होतं ते पाठ झालंय. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदवलेला पुरुष.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये प्राईडच्या सभेत सिल्विया रिव्हेरा बोलायला उभी राहिली तर आपल्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली. तिने मार्शा पी. जॉन्सनबरोबर रस्त्यावर राहणाऱ्या ट्रान्स पोरांसाठी संघटना काढली होती, ती तुरुंगात असलेल्यांबद्दल बोलायला आली होती, आणि गर्दीला ती स्टेजवरच नको होती. एका आवाजात बोलायचं म्हणजे कुणीतरी गप्प बसायचं, आणि कोणी बसायचं ते ठरलेलं असतं.

२००७ मध्ये अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचं बिल आलं, त्यातून जेंडर आयडेंटिटी, म्हणजे माणूस स्वतःला बाई, पुरुष की आणखी काही मानतो ते, काढली, कारण काय तर ट्रान्स लोकांना घेऊन ते पास होणार नाही, त्यांचं नंतर. कनिष्ठ सभागृहात पास झालं आणि तिथेच थांबलं, कायदा झालाच नाही. म्हणजे आम्हाला सोडून पण काही मिळालं नाही. आणि २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात जो निकाल लागला तो दोन गे पुरुषांच्या आणि एमी स्टीफन्स या ट्रान्स बाईच्या केसेसवर एकत्र लागला, आणि दोघांनाही संरक्षण मिळालं. त्यामुळे वेगळं काढल्यावरच जिंकता येतं हे मला काही पटत नाही.

आणि शब्द किरकोळ असते तर ते पुसायला कुणी वेळ घालवला नसता. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल स्मारकाच्या सरकारी वेबसाईटवरून ट्रान्सजेंडर हा शब्द आणि टी हे अक्षर काढून टाकलं. त्याच जागेवरून, जिथे ट्रान्स लोक पोलिसांसमोर उभे राहिले होते. पुसणाऱ्यांना शब्दाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

निळीशाई, तुमच्या फॉर्मबद्दल अजून एक. 'ट्रान्सजेंडर' हा पर्याय गे आणि लेस्बियनच्याच रांगेत ठेवलाय आणि एकच निवडता येतो. मग ट्रान्स असून गे असलेल्या माणसाने काय करायचं? मी स्वतः असाच एक फॉर्म अर्धवट सोडून दिला होता. आणि कृपा करून सगळ्या ट्रान्स लोकांना तृतीयपंथी लिहू नका. ज्यांची ती ओळख आहे त्यांची ती आहे, मान आहे मला तिचा, पण मी पुरुष आहे, मी तिसरा कुणी नाही. 'ट्रान्स' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त ट्रान्स बायका येतात आणि आमच्यासारखे पुरुष असतात हेच कुणाच्या डोक्यात नसतं.

कोरीपाटी:

मी लेस्बियन आहे आणि मला उलट बाजूचं पण सांगायचंय, सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून. सर्वसमावेशक शब्दाने पण माणूस पुसला जातो. आमच्या ओळखीच्या ग्रुपमध्ये आता सगळंच 'क्वीअर' झालंय, क्वीअर बायका, क्वीअर कपल, क्वीअर मिटिंग. चांगल्या हेतूनेच केलंय, कुणी सुटू नये म्हणून. पण मला 'लेस्बियन' हा शब्द स्वतःसाठी मोठ्याने म्हणायला अकरा वर्षं लागली, कारण इंटरनेटवर तो शब्द टाकला की काय समोर येतं ते सगळ्यांना माहितीये, त्या घाणीतून तो शब्द मी धुऊन घेतला आणि आता सांगतात की तो जरा जुना वाटतो, क्वीअर म्हण. का म्हणू?

माझं म्हणणं एवढंच आहे की मोठी छत्री उघडा पण छत्रीखाली कोण उभं आहे त्याचं नाव पण घ्या. सगळ्यांबद्दल बोलताय तर सगळ्यांसाठीचा शब्द वापरा, दोन बायकांबद्दल बोलताय तर त्यांना विचारा त्या कोण आहेत. (आणि हो, दोन बायका एकत्र दिसल्या की 'लेस्बियन कपल' म्हणणं पण चूकच, त्यातली एक बाय असू शकते, माझी जोडीदार आहे आणि तिला दर वेळी दुरुस्त करावं लागतं.) 'एलजीबीटी लोकांच्या समस्या' असं मथळ्यात लिहून आत फक्त गे पुरुषांच्या अडचणी असलेले लेख तर मी मोजायचं सोडून दिलंय.

मात्रा_वेलांटी:

शब्दांचं विचारलंय म्हणून माझे दोन पैसे. मी नॉनबायनरी, म्हणजे नुसती बाई किंवा नुसता पुरुष ही ओळख मला लागू होत नाही, आणि मराठीत रोज बोलणं म्हणजे रोज एकदा ठरवणं की आज 'गेलो' की 'गेले', त्यामुळे या विषयावर फार विचार झालाय माझा.

आधी बायसेक्शुअल. 'उभयलिंगी' नको, ते एकाच शरीरात दोन्ही जननेंद्रियं असणाऱ्या जिवांसाठीचं, म्हणून तुम्हाला गांडूळ आठवलं ते बरोबरच. 'उभयलैंगिक' चालेल, किंवा सरळ बायसेक्शुअल लिहा, लोकांना तेच जास्त कळतं. जेंडरला 'लिंगभाव' म्हणतात, ते मला आवडतं, कारण नुसत्या 'लिंग' शब्दात व्याकरण पण येतं, शरीर पण येतं आणि नुसता गोंधळ होतो.

आता खरी अडचण, क्रियापद. इंग्रजीत सर्वनाम बदललं की काम झालं, आपल्याकडे अख्खं वाक्य लिंग घेऊन फिरतं, आणि नपुंसकलिंग आहे की मग काय अडचण असं बरेचजण विचारतात. 'ते आलं' आपण मुलाबाळांना, वासराला, वस्तूला म्हणतो. काहीजणांनी ते स्वतःसाठी हौसेने निवडलंय, त्यांच्यासाठी तसंच म्हणा, पण न विचारता कुणी माझ्याबद्दल 'ते आलं' म्हटलं तर मला टेबलखुर्ची झाल्यासारखं वाटतं.

पण भाषेत जागा आहे, खूप आहे, शोधल्यावर सापडली. 'तुम्ही' घ्या. तुम्ही आलात, तुम्ही करता, तुम्ही कुठे राहता, यात कुठेच बाई-पुरुष नाही. 'तू' म्हटलं की लगेच आलास नाहीतर आलीस. म्हणजे पहिल्या फोनवर 'तुम्ही' म्हणणं हा नुसता मान नाही, समोरच्याला स्वतःबद्दल सांगायला मोकळी जागा आहे. 'आम्ही आलो' बायका पण म्हणतात, पुरुष पण. 'मी येईन', 'मी येणार आहे' यात लिंग नाही. 'मी फोन केला', 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद फोनच्या आणि पत्राच्या मागे जातं, माझ्या नाही. 'मला वाटतं', 'मला कळलं', 'माझं ठरलं' पण तसंच. अडतं कुठे तर 'मी येतो-येते', 'मी बोललो-बोलले', आणि विशेषणं, 'तुम्ही एकटे आहात का एकट्या', तिथे 'तुमच्याबरोबर कुणी आहे का' असं फिरवता येतं. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना 'ते आले, त्या आल्या' टाळून 'त्यांनी सांगितलं', 'त्यांना विचारा', 'त्यांचं म्हणणं' असं केलं की झालं. वरचं माझं सगळं लिखाण पुन्हा वाचून बघा, मी कोण ते क्रियापदावरून कळतंय का.

आणि 'मित्रमैत्रिणींनो' च्या जागी 'मंडळी'. आपल्या आज्यांपासून चालत आलेला शब्द आहे, त्यात सगळे बसतात, नवीन काही बनवायची गरजच नाही.

फक्त एक विनंती, हे सगळं शिकून कुणाला परीक्षा घेतल्यासारखं दुरुस्त करत सुटू नका. ज्या माणसाला स्वतःचं लिंग ठामपणे माहीत आहे, जसं वर दुसरीपहाट यांनी सांगितलं, त्यांना 'गेलो' च म्हणायचंय आणि त्यांच्याबद्दल 'ते गेले' च ऐकायचंय. ट्रान्स पुरुषाशी मुद्दाम लिंग टाळून बोलणं म्हणजे त्यांना पुरुष न म्हणण्याची पळवाट होते. विचारायचं, आणि जे सांगतील ते वापरायचं.

दुसरीपहाट:

शेवटचं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे लोकांना समजावता समजावता थकतो मी.

शांततळं:

मी असेक्शुअल आहे, म्हणजे मला कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटत नाही. मराठीत 'अलैंगिक' म्हणतात आणि शाळेत तो शब्द अमीबाच्या प्रजननाच्या धड्यात येतो, मग पुढचं चिडवणं ठरलेलं. आपल्या लोकांकडून जास्त ऐकलंय, बाहेरच्यांना तर माहीतच नाही. एलजीबीटीक्यूआयए मधलं 'ए' म्हणजे 'अलाय', म्हणजे पाठिंबा देणारे, असं एका मिटिंगच्या पहिल्या स्लाईडवर होतं. ते असेक्शुअलचं आहे असं मी हात वर करून सांगितलं तर म्हणाले की दोन्हीसाठी आहे ना. ज्यांना आकर्षणच वाटत नाही त्यांना कसला भेदभाव असं पण विचारतात. लग्नासाठी, शरीरसंबंधासाठी जी जबरदस्ती होते ती यांना दिसतच नाही. फॉर्मवर नाव असू दे एवढंच मला वाटतं.

मोरपीस:

इंटरसेक्स माणसाकडून थोडंसं, म्हणजे जिचं शरीर जन्मतःच मुलगा किंवा मुलगी या ठराविक साच्यात बसत नाही अशा माणसाकडून. आमचं अक्षर बऱ्याच ठिकाणी जोडलेलं असतं, आय. पण गेल्या पाच वर्षांत मी ज्या मिटिंगना बसले त्यात एकदाही लहान बाळांवरच्या ऑपरेशनचा विषय निघाला नाही. बाळाला काही आजार नसताना, नुसतं मुलगा किंवा मुलगी 'नीट' दिसावं म्हणून ऑपरेशन करतात, बाळाला विचारायचा प्रश्नच नसतो. २०१५ मध्ये माल्टाने कायद्याने हे थांबवलं, तो असा पहिला देश. हे माहीत असलेले लोक मला आमच्या ग्रुपमध्ये दोन भेटले. त्यामुळे अक्षर लावा, जरूर लावा, पण वर्षातून एक मिटिंग तरी त्या अक्षराच्या माणसाला चालवायला द्या. नाहीतर ते अक्षर नुसतं दाराच्या पाटीवर राहतं.

चंद्रकोर:

मी बहिरा आहे आणि गे आहे. वर सगळे शब्दांबद्दल बोलतायत, बरोबर आहे, पण ऑनलाईन मिटिंगमध्ये कॅप्शन नसतील तर कुठलाच शब्द माझ्यापर्यंत येत नाही. निळीशाई, फॉर्मवर एक प्रश्न वाढवा, 'मिटिंगमध्ये तुम्हाला काय लागेल?' मला आजपर्यंत हे कुणी विचारलेलं नाही.

साधा_माणूस:

२००७ चं बिल आणि वेबसाईटचं मला माहीत नव्हतं. एकजूट पाहिजे हे माझं मत अजून तेच आहे, पण एकजूट म्हणजे बाकीच्यांनी थांबायचं असं मी धरून चाललो होतो हे दिसतंय मला. आणि चंद्रकोर यांचं वाचून गप्प झालो. आमच्या मिटिंगला पण कॅप्शन नसतात, मीच चालवतो त्या.

निळीशाई:

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. कुठून सुरुवात करू कळत नाहीये.

फॉर्म कालच बदलला. लिंगभाव आणि आकर्षण असे दोन वेगळे प्रश्न केले, हवे तितके पर्याय निवडता येतात, बायसेक्शुअल, असेक्शुअल, इंटरसेक्स सगळी नावं घातली, लेस्बियन शब्द तसाच ठेवला, 'इतर' काढून तिथे 'मी माझ्या शब्दात सांगेन' लिहिलं, आणि चंद्रकोर यांचा प्रश्न सगळ्यात वर घेतला. कॅप्शन कसे लावायचे ते शिकतेय. पोस्टरवर अजून एकमत नाही, दोघांनी ग्रुप सोडतो म्हटलंय, एकाने खरंच सोडला, आणि मला त्याचं वाईट वाटतंय कारण माझ्या सगळ्यात वाईट दिवसात रात्री दोनला फोन उचलणारा तोच होता. त्याला उद्या फोन करणार आहे, पटवायला नाही, नुसता.

मात्रा_वेलांटी, फॉर्म उघडला की जो पहिला मजकूर दिसतो तो असा केलाय, जरा बघता का: 'मंडळी, तुम्ही इथे आलात, बरं वाटलं. स्वतःसाठी जो शब्द तुम्ही वापरता तो सांगा. शब्द सापडला नसेल तर जागा रिकामी ठेवा, आम्ही फोन करू तेव्हा बोलू.'

मात्रा_वेलांटी:

छान झालंय, क्रियापदं सगळी मोकळी आहेत. दोनच गोष्टी. फॉर्म एकटं माणूस भरतं, त्यामुळे इथे 'मंडळी' काढा, सरळ 'तुम्ही' पासून सुरू करा. आणि 'सापडला नसेल' ऐवजी 'ठरवला नसेल' बघा, सापडला नसेल म्हटलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. रिकाम्या जागेच्या आधी 'सॉरी म्हणायची गरज नाही' असं लिहायचा मोह मला झाला होता, पण नकोच ते, त्या मुलीसारखं कुणी आलं तर त्यांना तो शब्द आपल्याकडून आधी ऐकू यायला नको.